सगळ्यांची पापं ठाऊक असलेला नवरदेव

स्तेवेकाकांना लग्न करायचंच नव्हतं, असं म्हणणारे लोक आमच्या खोऱ्यात अजून आहेत. त्यांना काही ठाऊक नाही. काकांना लग्न करायचं होतं, एकाच बाईशी करायचं होतं, आणि ती बाई भलत्याच माणसात गुंतली आहे हे खुद्द तिनेच त्यांना सांगितलं होतं. तेही कबुली देताना. म्हणजे ते दुसऱ्या कुणाकडे बोलायची सोय नाही आणि तिच्यापाशी पुन्हा काढायचीही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ते काही कुणाचे सख्खे काका नव्हते. रोमच्या पाद्र्यांना लोक बाप म्हणतात, तेव्हा आमच्या पूर्वजांनी ठरवलं की बाप एकच, तो वरचा. खाली उपदेश करणारे ते सगळे काका. आमच्या बोलीत बार्बा. त्यामुळे सत्तरी ओलांडलेली माद्लेना सुईणसुद्धा पन्नाशीतल्या स्तेवेंना काका म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

स्तेवे हे एका धनगराचं चौथं पोर. वाटणीला येण्यासारखं घरात काही नव्हतं, पण डोकं असं की एकदा ऐकलेलं विसरायचं नाही. सोळाव्या वर्षी एका म्हाताऱ्या बार्बांनी त्यांना उचललं. चार हिवाळे चुलीपाशी बसून मत्तयाचं आणि योहानाचं शुभवर्तमान तोंडपाठ केलं, मग दीक्षेसाठी डोक्यावर हात ठेवून घेतले आणि शपथ घेतली की बायको करणार नाही, घर बांधणार नाही, जमीन घेणार नाही. विसाव्या वर्षी असली शपथ घेणं फार सोपं असतं. तेव्हा घर म्हणजे काय तेच कुठे कळलेलं असतं?

मग तीस वर्षं पाठीवर सुयांची पेटी. सुया, कंगवे, दोरा, हाडाची बटणं. रोमचा धर्म न मानणारा म्हणून बार्बा उघड फिरला तर जाळला जायचा. सुईवाला मात्र कुठेही जाऊ शकतो. त्याला थेट स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश असतो आणि त्याच्याभोवती बायकांचा घोळका जमला तर कुणाला शंका येत नाही. "सुया हव्यात" असा निरोप आला की काकांनी ओळखायचं, या घरात कुणाला तरी कबुली द्यायची आहे. खरंच सुया हव्या असतील तर लोक "चांगल्या सुया हव्यात" असं म्हणत.

बार्बा नेहमी जोडीने फिरतात. काकांचे जोडीदार बार्बा बोनेत. हे अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त, आणि थंडीत त्यांचे गुडघे दुखत. दर वर्षी उन्हाळा सरता सरता सगळे बार्बा एकत्र जमून कुणी कुठे जायचं ते ठरवत, तेव्हा वर बाल्मा गावाची वाट कुणालाच नको असायची. एक तर तिथे जाताना लांडगे, शिवाय छातीभर बर्फ, आणि एवढं करून पोचलं तर पुढ्यात येणारी राय नावाच्या धान्याची भाकर वर्षातून एकदाच भाजलेली. ती तोडायला कुऱ्हाड लागते असं बोनेत म्हणायचे, आणि अगदीच खोटं म्हणत नसत. तर त्या वाटेचं नाव निघालं की सगळे बार्बा आपापले जोडे न्याहाळू लागत आणि स्तेवेकाका हात वर करत. केवढा हा त्याग, असं बाकीचे म्हणत. बोनेत काही म्हणत नसत, कारण जोडीदार म्हणून त्यांनाही तो त्याग करावा लागे.

बाल्माच्या सगळ्यात वरच्या घरात पेरोना राहायची. तिचा नवरा कड्यावरून आलेल्या बर्फाखाली गेला तेव्हा ती पंचविशीची. मूलबाळ नाही, सात-आठ शेरडं, आणि जीभ अशी की पाणचक्कीवर ती रांगेत उभी राहिली की पुढचे आपणहून बाजूला होत. कबुली द्यायची ती गोठ्यात, धार काढता काढता. काकांनी बादलीशेजारी उकिडवं बसायचं आणि हिने शेरडाच्या पोटाला कपाळ टेकून पापं सांगायची. बाकीची पापं किरकोळच असत. अमकीला टवळी म्हटलं, रोमच्या पाद्रीबाबाच्या खेचराला पाद्रीबाबाच्याच नावाने हाक मारली, असलं काही. ही मी चोरून ऐकलेली नाहीत. पुढे तिनेच ती साऱ्या गावाला हसत हसत सांगितली.

मग एका हिवाळ्यात ती म्हणाली की मनात एक माणूस आहे. काकांनी घाईघाईने हात वर केला आणि "नाव नको" असं सांगितलं. नियमच तसा होता: आपलं पाप सांगायचं, दुसऱ्याला त्यात ओढायचं नाही. तिला वीस वेळा 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणायचं प्रायश्चित्त दिलं. पुढच्या वर्षी तोच माणूस, तीच कबुली. या वेळी तीस. तिच्या पुढल्या वर्षी काकांनी चाळीस सांगितले तेव्हा तिने धार थांबवून विचारलं की दर वर्षी वाढतात कसे. पाप जुनं होत चाललंय, असं काका म्हणाले. आवाज जरा जास्तच कडक लागला, हे त्यांना स्वतःलाही जाणवलं.

माणूस कोण हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पाणचक्कीवाला गोनिन. विधुर, ऐटबाज, मिशीला अक्रोडाचं तेल लावणारा. तो पेरोनाचं धान्य दळायचा आणि पिठाचं पोतं स्वतः खांद्यावरून चढ चढून वर पोचवायचा. आणखी कुणाचं पोतं त्याने कधी पोचवल्याचं ऐकिवात नव्हतं. काका हे सगळं बघत, दोन रात्री राहत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उचलून निघत. बोनेत मागून कुंथत चालत.

असं चालू होतं आणि एका वर्षी अंग्रोन्याच्या कुरणात आमच्या लोकांची ती मोठी सभा भरली. डोंगरापलीकडून विद्वान मंडळी घोड्यांवर बसून आली, जाड जाड ग्रंथ घेऊन. आठवडाभर चेस्टनटच्या झाडांखाली वाद झडले. शेवटी ठरलं की यापुढे लपायचं नाही, आपण रोमचेच आहोत असं दाखवायला पाद्रीबाबाच्या देवळात खोटं गुडघे टेकायला जायचं नाही. पापाची कबुली देवापाशी द्यावी, माणसापुढे द्यायलाच पाहिजे असं नाही. आणि बार्बांनी एका गावात घर करून राहायला, लग्न करायला हरकत नाही.

सगळ्यात मोठ्याने विरोध केला तो बोनेतनी. ज्या तोंडाने मत्तय म्हणायचा त्याच तोंडाने बायकोशी सरपणावरून भांडायचं का, असं ते गरजले. म्हाताऱ्या बार्बांनी माना डोलावल्या. आणि चेस्टनटची फळं पडायला लागायच्या आत बोनेतनी पाव भाजणाऱ्या एका विधवेशी लग्न केलं. तिच्या भट्टीपाशी गुडघे अजिबात दुखत नाहीत, असा त्यांचा निरोप आला.

बाल्मावाल्यांनी काकांना आपल्याकडे मागून घेतलं. त्यांना राहायला पाणचक्कीचा माळा दिला, म्हणजे गोनिनच्याच घरात. आगीतून फुफाट्यात म्हणा. खाली गोनिन मिशीला तेल लावतोय आणि वर काका मत्तय घोकताहेत.

आता इथे एक घोटाळा झाला, आणि तो आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकतो. आमच्या सभेने आजवर 'हरकत नाही' असं कधी म्हटलंच नव्हतं. सभा सांगायची, हे करायचं. किंवा सांगायची, हे करायचं नाही. शेकडो वर्षं जीव मुठीत धरून राहिलेल्या लोकांना तिसरा प्रकार ठाऊकच नव्हता. त्यामुळे बार्बांनी लग्न करायला हरकत नाही हे बाल्मात पोचलं ते बार्बांनी लग्न करायचं, असंच. काका आले, आठवडा झाला, पंधरवडा झाला, तरी हालचाल नाही. सभेचा हुकूम मोडला जातोय, तोही आपल्या गावात, म्हणून माद्लेना सुईणीची झोप उडाली. अख्ख्या गावाला जगात आणणारी बाई ती. लग्न जुळवणं हे त्याच कामाचं आधीचं टोक, असं ती म्हणायची.

तिने पहिलं स्थळ आणलं ते गोनिनची बहीण काताना. घरातच होती, हाताला चव होती, चाळिशीची होती. काका नको म्हणाले. माद्लेनाने कारण विचारलं. काका गप्प.

त्यांनी गप्प बसावं यात नवल नव्हतं. पण गावाने त्याचा काय अर्थ लावला बघा. काका म्हणजे साधा नवरदेव नव्हे. या माणसाने बाल्मातल्या एकूण एक बाईची कबुली ऐकलेली. कुणी दुधात पाणी घातलं, कुणी सासूला शाप दिला, कुणी कुणाकडे खिडकीतून पाहिलं, सगळं त्यांना ठाऊक. असा माणूस एका बाईला नको म्हणतो आणि कारण सांगत नाही म्हणजे काय? संध्याकाळपर्यंत सगळ्या गोठ्यांमधून एकच चर्चा: कातानाने असं केलं तरी काय असेल? दोन दिवसांत तिच्या नावावर इतक्या गोष्टी जमल्या की त्या करायला बिचारीला दोन जन्म पुरले नसते.

माद्लेनाने दुसरं स्थळ आणायची तयारी चालवली होती, पण आता मुलीचे बापच दारं लावून घेऊ लागले. काकांनी नाही म्हटलं तर पोरीचं नाव जाईल, त्यापेक्षा विचारूच नका. बायकांचं तर वेगळंच दुखणं. कबुली देवापाशीच पुरे होती, तर इतकी वर्षं या माणसाला सांगून ठेवलेलं परत कसं घ्यायचं? एकीने काकांना वाटेत गाठून चक्क विचारलं, की तिचं ते तेवढं विसरून जाता येईल का. काका म्हणाले, विसरलो. ती म्हणाली, काय ते आठवत असल्याशिवाय विसरलो कसं म्हणता? काकांनी पेटी उचलली आणि वाट बदलली.

घरात गोनिन बोलेनासा झाला. काकांच्या सारात कोबीचं पान दिसेनासं झालं. एक दिवस तो माळ्याच्या शिडीवर अर्धा चढून आला आणि बहिणीने काय केलंय ते सांगा म्हणून अडून बसला. सांगण्यासारखं काही नाही, असं काका म्हणाले, तर तो म्हणाला, म्हणजे न सांगण्यासारखं आहे. काकांना खरंच वाईट वाटलं. लपत छपत फिरताना त्यांच्यामुळे कधी कुणाचं वाकडं झालं नव्हतं. आणि आता उजळ माथ्याने एका गावात राहायला आले, तर आयतं जेवू घालणाऱ्या बाईच्याच अब्रूचे त्यांनी धिंडवडे काढले होते. खरं कारण सांगितलं की ती सुटत होती. पण खरं कारण सांगायचं म्हणजे मनातली बाई उघडी पाडायची, आणि मग तिच्या मनातला माणूसही.

पुढच्या रविवारी प्रवचन उघड्यावर होतं, पाणचक्कीच्या अंगणात, भर उन्हात. एवढ्या उजेडात शुभवर्तमान ऐकायची कुणाला सवय नव्हती. लोक उगाचच मागे वळून बघत. काकांनी सुरुवात केली आणि चार वाक्यं होतात न होतात तो काताना उभी राहिली. हातात पळी होती, ती तशीच.

"काका, मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते एवढं काही मोठं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगून टाका. लोकांनी जे ठरवलंय त्याच्यापुढं माझं खरं पाप ऐकून सगळे झोपी जातील."

लोक हसले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काकांनी पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कातानात काही खोट नाही," ते म्हणाले. "तिनं सांगितलेलं पाप हे कारण नाहीच. कारण माझ्याकडं आहे. माझ्या मनात दुसरी बाई आहे, पुष्कळ वर्षं आहे. आणि तिच्या मनात मी नाही. म्हणून मी कुणाशीच लग्न करणार नाही. सभेनं 'हरकत नाही' म्हटलंय, 'कराच' नाही म्हटलेलं."

माद्लेनाचं तोंड उघडं ते उघडंच. कोण, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर, पण एवढ्या सरळ माणसाला विचारायची कुणाची छाती होईना. काताना मात्र डोळे पुसून खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "आता हो म्हणाले असते तरी मी नसतं केलं." त्या दिवशी काकांच्या सारात कोबीची तीन पानं होती.

पेरोना अंगणाच्या कडेला धान्याचं पोतं घेऊन बसलेली होती. प्रवचन संपल्यावर ती दळण न टाकताच पोतं पाठीवर टाकून चढ चढून गेली. गोनिन पोचवायला धावला, तर त्याला परत पाठवलं. काकांनी ते माळ्यावरून पाहिलं. तिला कळलं असणार, असं त्यांना वाटलं. कळलं आणि आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माद्लेना निरोप घेऊन आली. पेरोनाला सुया हव्यात.

"चांगल्या सुया?" काकांनी विचारलं.

"नुसत्या सुया," माद्लेना म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा रोखून बघत निघून गेली.

काका पेटी घेऊन निघाले. तीस वर्षांत आल्प्सच्या सगळ्या खिंडी तुडवलेला माणूस, पण तो चढ काही त्यांना चढवेना. आता ती गोनिनचं नाव सांगणार, आपल्याच हातून त्या दोघांचं लग्न लावून घेणार, आणि आपण ते लावणार, एवढं सगळं त्यांनी वाटेत ठरवलं. आशीर्वादाचे शब्दसुद्धा जुळवले.

पेरोनाने विस्तवावर भोकांच्या तव्यात चेस्टनट टाकले होते. शेरडं मागे रवंथ करत होती. तिने काकांकडे धार काढायची तिवई सरकवली.

"बसा. सुया मी घेणार नाही. आज तुम्ही बोलायचं, मी ऐकणार."

सभेने कबुली बंद केली आहे, असं काका कसंबसं म्हणाले.

"बंद कुठं केलीय? द्यायलाच पाहिजे असं नाही, एवढंच म्हटलंय. म्हणजे द्यायला हरकत नाही. काल तुम्हीच सगळ्यांना समजावलंत." तिने तवा हलवला. "इतके हिवाळे मी इथं बसून बोलले, काका. माझं सगळं तुम्हाला ठाऊक. तुमचं एक पाप मला ठाऊक नाही. हा कुठला न्याय?"

काका तिवईवर बसले. बोलायची वेळ आपल्यावर येईल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"मी बाल्माची वाट मागून घ्यायचो," ते शेवटी म्हणाले. "दर वर्षी. लोक म्हणायचे, केवढा त्याग. मी म्हणू द्यायचो. बोनेतचे गुडघे माझ्यापायी गेले."

"का मागून घ्यायचात?"

"वर तू होतीस म्हणून."

तव्यात एक चेस्टनट फुटला. काका जमिनीकडे बघत उरलेलं घाईघाईने बोलून मोकळे झाले: तुझं मन गोनिनवर आहे हे मला केव्हाचं ठाऊक आहे, मी मध्ये येणार नाही, लग्न मीच लावीन.

"गोनिन?" पेरोना म्हणाली. आणि मग ती हसायला लागली. अशी हसली की शेरडं उठून उभी राहिली. "तो मिशीवाला? अहो, तो पोतं पोचवतो ते माझं चीज आवडतं म्हणून. दर खेपेला एक वाटा खाऊन जातो." तिने डोळे पुसले. "मी दर वर्षी नावापर्यंत यायचे, आणि तुम्ही आपले 'नाव नको, नाव नको'. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं नसतं का?"

काकांनी मान वर केली. एकदा ऐकलेलं न विसरणारं ते डोकं, पण हे शिरायला फार वेळ लागला. वीस, तीस, चाळीस. दर वर्षी जरा जास्त कडक आवाजात.

"ते सगळे तू..."

"म्हटले. एकूण एक म्हटले. गुडघ्यांवर बसून, या दगडांवर." ती आता हसत नव्हती, पण तिचा चेहरा उजळला होता. "आणि ज्याच्यापायी म्हटले तो दोन रात्री राहून पेटी उचलायचा. तेव्हा तुमचं प्रायश्चित्त ऐका. माझे सगळे तुम्ही म्हणायचे. पहिल्या हिवाळ्यापासून. टेका गुडघे."

काकांनी गुडघे टेकले. टोपी काढून बाजूला ठेवली आणि 'आमच्या स्वर्गातल्या बापा' सुरू केलं. तीस वर्षांच्या सवयीने भराभर, दबक्या आवाजात, शब्दाला शब्द चिकटवत. दार कधी वाजेल आणि उठून पळावं लागेल याचा नेम नसलेला माणूस म्हणतो तसं. पहिला संपला, दुसरा संपला. तिसऱ्याच्या मध्यावर पेरोनाने एक गरम चेस्टनट सोलून त्यांच्या हातावर ठेवला.

"सावकाश म्हणा, स्तेवे," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय तुम्हाला?"